मांजर परदेशात नेताना: रेबीजची लस, रक्तचाचणी आणि घरातल्यांची काळजी

नोकरी, शिक्षण किंवा लग्नाच्या निमित्ताने घर परदेशी हलवायचे ठरले की व्हिसा, मुलांची शाळा, आईवडिलांची औषधे यांची यादी तयार होते. घरात मांजर असेल तर ते बहुतेक वेळा या यादीत सर्वांत शेवटी येते. अडचण नेमकी इथेच होते. भारतातून जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स अशा युरोपीय संघातल्या देशात मांजर न्यायचे असेल तर किमान चार महिने लागतात. हा काळ कागदपत्रांचा नसून लस आणि रक्तचाचणीचा असतो. त्यामुळे जास्त पैसे देऊन किंवा ओळख काढून तो कमी होत नाही.

मांजराची तपासणी, लस आणि दाखला ही सर्व कामे पशुवैद्याची आहेत. माणसांच्या डॉक्टरने दिलेला दाखला यासाठी चालत नाही. पण या नियमांच्या मुळाशी रेबीज हा आजार आहे आणि तो माणसांचाही आजार आहे. म्हणून नियमांमागची कारणे आणि या धावपळीत घरातल्या माणसांनी घ्यायची काळजी, दोन्ही या लेखात एकत्र दिली आहेत.

थोडक्यात महत्त्वाचे

- आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. हा क्रम उलटा झाला तर ती लस धरली जात नाही.
- लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना घेतला जातो.
- नमुना घेतल्याच्या तारखेपासून ३ महिने थांबावे लागते.
- प्रवासापूर्वीच्या १० दिवसांत सरकारी पशुवैद्याचा आरोग्य दाखला लागतो.
- प्रवासासाठी मांजराला माणसांचे कोणतेही औषध देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

हे नियम इतके कडक का?

रेबीज विषाणूमुळे होतो. तो बाधित प्राण्याच्या लाळेतून, चाव्यातून किंवा ओरखड्यातून शरीरात शिरतो आणि नसांच्या मार्गाने मेंदूपर्यंत जातो. लक्षणे सुरू झाल्यानंतर हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात. बहुतेक रुग्णांना तो कुत्र्याच्या चाव्यातून होतो. पण मांजरालाही रेबीज होतो आणि मांजराकडून माणसालाही होतो.

पश्चिम युरोपातल्या बहुतेक देशांनी कुत्र्यामांजरांमधला रेबीज अनेक वर्षांच्या लसीकरणाने संपवला आहे. जपान आणि ऑस्ट्रेलियाही या बाबतीत अत्यंत सावध आहेत. अशा देशात एक बाधित प्राणी पोहोचला तरी त्याच्या संपर्कात आलेल्या प्रत्येक माणसाला शोधून लस द्यावी लागते. म्हणून रेबीज असलेल्या देशातून येणाऱ्या प्राण्यासाठी नियम वेगळे असतात. तुमचे मांजर कधी फ्लॅटबाहेर गेलेले नसले तरी नियम देशावरून ठरतो, मांजराच्या सवयींवरून नाही.

आता तीन महिने थांबण्याचे कारण पाहू. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही आठवडे ते काही महिने जाऊ शकतात. या काळात प्राणी पूर्णपणे निरोगी दिसतो. लस देण्याच्या आधीच त्याला संसर्ग झालेला असेल तर लस आणि चाचणी दोन्ही व्यवस्थित दिसूनही आजार नंतर डोके वर काढू शकतो. तसे असेल तर ते प्रवासाआधीच दिसावे, यासाठी ही मुदत ठेवली आहे.

युरोपीय संघात मांजर नेण्याचे टप्पे

युरोपीय संघाने बाहेरच्या देशांचे गट केले आहेत. ज्या देशांची रेबीजविषयीची स्थिती समाधानकारक मानली जाते त्यांची यादी आहे. भारत या यादीत नाही. त्यामुळे भारतातून येणाऱ्या मांजरासाठी खालील सर्व टप्पे लागू होतात.

१. मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप मानेजवळ त्वचेखाली सुईने बसवतात. तिचा १५ अंकी क्रमांक ही त्या मांजराची ओळख असते. चिप आयएसओ मानकाची आहे ना, हे विचारून घ्या. बसवल्यावर पशुवैद्याला ती यंत्राने वाचून दाखवायला सांगा आणि क्रमांक स्वतः लिहून घ्या.

२. रेबीजची लस. मांजराचे वय किमान १२ आठवडे असावे. लस चिपनंतर किंवा त्याच दिवशी चिप बसवून झाल्यावर द्यायची. कारण सरळ आहे. चिप नसलेल्या मांजराला दिलेली लस नेमक्या याच मांजराला दिली, हे सिद्ध करता येत नाही. तुमच्या मांजराला दरवर्षी लस दिलेली असेल पण चिप कालच बसवली असेल, तर चिपनंतर पुन्हा लस द्यावी लागते. लसीच्या पुस्तिकेत चिपचा क्रमांक, लसीचे नाव, बॅच क्रमांक, दिल्याची तारीख आणि पुढची तारीख स्पष्ट लिहून घ्या.

३. रक्ताची टायटर चाचणी. लसीनंतर शरीरात रेबीजविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली का, हे या चाचणीत मोजतात. निकाल किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर यायला हवा. माणसांमध्ये रेबीजची लस लागू पडली का हे पाहतानाही हीच पातळी धरतात. नमुना लसीनंतर किमान ३० दिवसांनी घ्यायचा असतो आणि तो युरोपीय आयोगाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतच तपासावा लागतो. नेहमीच्या लॅबचा अहवाल चालत नाही. नमुना काढण्याआधीच तो कोणत्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाणार, कोण पाठवणार आणि त्यासाठी कोणते कागद लागणार हे पशुवैद्याकडून पक्के करा.

४. तीन महिन्यांची प्रतीक्षा. ही मुदत अहवाल आल्यापासून नव्हे, नमुना घेतल्याच्या दिवसापासून मोजतात. ती पूर्ण झाल्यावरच आरोग्य दाखला मिळतो.

५. आरोग्य दाखला. युरोपीय संघाच्या ठरावीक नमुन्यातला हा दाखला भारतातल्या अधिकृत सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेकडून घ्यायचा असतो. तो दिल्यापासून १० दिवसांच्या आत मांजर युरोपातल्या प्रवेशाच्या ठिकाणी पोहोचले पाहिजे.

मांजर घरगुती म्हणून नेण्यासाठी ते मालकाबरोबर किंवा मालकाच्या प्रवासाच्या ५ दिवस आधी किंवा नंतर गेले पाहिजे. एका वेळी जास्तीत जास्त ५ प्राणी नेता येतात. ते विक्रीसाठी नाहीत, असे लेखी द्यावे लागते.

तारखांचे गणित: एक उदाहरण

समजा, १ जानेवारीला चिप बसवली आणि त्याच दिवशी लस दिली. रक्ताचा नमुना ३१ जानेवारीला किंवा त्यानंतर घेता येईल. ३१ जानेवारीला घेतला तर तीन महिने एप्रिलअखेर पूर्ण होतात. म्हणजे दाखला आणि प्रवास मे महिन्यात. यात काहीही चुकले नाही असे धरूनही चार महिने गेले.

पिल्लू असेल तर १२ आठवडे वय, ३० दिवस आणि ३ महिने अशी बेरीज होते. भारतातून युरोपात जाणारे मांजर जवळजवळ सात महिन्यांपेक्षा लहान असू शकत नाही. म्हणून जाण्याच्या दोन महिने आधी हौसेने पिल्लू घरी आणण्यापूर्वी विचार करा.

निकाल ०.५ पेक्षा कमी आला तर पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस आणि पुन्हा चाचणी. तीन महिनेही नव्याने मोजावे लागतात. उलट, एकदा निकाल चांगला आला आणि त्यानंतर प्रत्येक बूस्टर मुदतीत दिला, तर युरोपीय संघाच्या नियमांनुसार ही चाचणी पुन्हा करावी लागत नाही. बूस्टर एक दिवस जरी उशिरा झाला तरी साखळी तुटते आणि सुरुवातीपासून सगळे करावे लागते. परदेशी जाण्याची थोडी जरी शक्यता असेल तर चिप, लस आणि टायटर चाचणी आताच करून ठेवणे शहाणपणाचे.

नियम पूर्ण नसताना मांजर नेले तर ते परत पाठवले जाऊ शकते किंवा मालकाच्या खर्चाने विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. दोन्ही शक्य नसेल तर शेवटचा उपाय म्हणून त्याला दयामरण देण्याचीही तरतूद आहे. ‘तिथे पोहोचल्यावर बघू’ हा विचार मांजराच्या जिवावर बेतू शकतो.

इतर देशांचे नियम

ब्रिटन: टप्पे युरोपीय संघासारखेच आहेत, म्हणजे चिप, लस, ३० दिवसांनी रक्तचाचणी आणि नमुन्यापासून ३ महिने. दाखल्याचा नमुना मात्र ब्रिटनचा वेगळा असतो. तिथे विमानाने जाणारे मांजर प्रवासी केबिनमध्ये नेता येत नाही, ते मान्यताप्राप्त मार्गाने कार्गोतून जाते. नियम अपुरे असतील तर ४ महिन्यांपर्यंत विलगीकरण होऊ शकते.

अमेरिका: मांजरासाठी नियम तुलनेने सोपे आहेत. तिथल्या केंद्रीय आरोग्य यंत्रणेकडून मांजरासाठी रेबीज लसीचा पुरावा मागितला जात नाही, पण ते निरोगी दिसले पाहिजे. अनेक राज्ये आणि विमान कंपन्या लस मागतात, म्हणून ती दिलेली असावीच. हवाई आणि ग्वाम इथे स्वतंत्र, कडक नियम आहेत. ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेले नवे नियम कुत्र्यांसाठी आहेत. ते वाचून मांजराबाबत घाबरू नका.

जपान: चिपनंतर रेबीजच्या दोन लसी, टायटर चाचणी आणि नमुन्यापासून १८० दिवसांची प्रतीक्षा. पोहोचण्याच्या किमान ४० दिवस आधी तिथल्या यंत्रणेला कळवावे लागते.

ऑस्ट्रेलिया: भारत तिथल्या मान्य देशांच्या यादीत नसल्याने भारतातून मांजर थेट नेता येत नाही. आधी मान्य देशात राहून, तिथल्या अटी पूर्ण करून पुढे जावे लागते. त्यानंतरही मेलबर्नजवळच्या मिकलहॅम इथल्या सरकारी केंद्रात विलगीकरण असते. हा बेत वर्षभर आधी आखावा लागतो आणि खर्चही मोठा असतो.

संयुक्त अरब अमिराती: आधी आयात परवाना घ्यावा लागतो. भारतातून येणाऱ्या मांजरासाठी टायटर चाचणीही लागते.

नियम वेळोवेळी बदलतात. तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ते ताजे आहेत का हे पाहा. ओळखीच्या कुटुंबाने दोन वर्षांपूर्वी काय केले, त्यावर अवलंबून राहू नका.

भारतातून निघताना आणि परत येताना

भारतातून प्राणी बाहेर नेण्यासाठी केंद्र सरकारच्या ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस, म्हणजे एक्यूसीएस, या यंत्रणेकडून दाखला घ्यावा लागतो. तिची केंद्रे मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबाद इथे आहेत. पुणे, नाशिक किंवा कोल्हापूरकडच्या कुटुंबांनी मुंबईच्या फेरीचा दिवस आधीच धरून ठेवावा. लसीची पुस्तिका, चिपचा क्रमांक, टायटरचा अहवाल, पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला, तुमचा पासपोर्ट आणि तिकीट बरोबर लागते. खासगी दवाखान्यातून मिळणाऱ्या पुस्तिकेवर ‘पेट पासपोर्ट’ असे छापलेले असले तरी तो युरोपीय संघाचा पासपोर्ट नव्हे.

परत येतानाही नियम आहेत. भारतात मांजर आणण्यासाठी एक्यूसीएसची पूर्वपरवानगी लागते आणि ही केंद्रे असलेल्या विमानतळांवरूनच प्राणी आत आणता येतो. कायमचे परतणाऱ्यांना सामानाच्या नियमांखाली मर्यादित संख्येने पाळीव प्राणी आणता येतात.

युरोपात राहणारे कुटुंब सुट्टीसाठी मांजर भारतात आणणार असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. युरोप सोडण्यापूर्वीच तिथे टायटर चाचणी करून ती पेट पासपोर्टमध्ये नोंदवून घेतली तर परतताना तीन महिने थांबावे लागत नाही. हे राहून गेले तर माणसे परततात आणि मांजर आजीआजोबांकडे अडकते.

प्रवासासाठी झोपेचे औषध?

‘मांजरासाठी एखादी सौम्य झोपेची गोळी लिहून द्या’ अशी विनंती आमच्याकडेही येते. याचे उत्तर नाही असेच आहे. विमानात गुंगीचे औषध दिलेल्या प्राण्याचा रक्तदाब आणि श्वास मंदावू शकतो, त्याला तोल सावरता येत नाही आणि तिथे त्याच्याकडे पाहणारे कोणी नसते. अनेक विमान कंपन्या गुंगीतला प्राणी स्वीकारत नाहीत. मांजर फारच घाबरट असेल तर पशुवैद्याशी बोला.

पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन अशी घरातली औषधे मांजराला कधीही देऊ नका. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉल पचवता येत नाही. चुकून पोटात गेले तर लक्षणांची वाट न पाहता लगेच पशुवैद्याकडे न्या.

खरा उपाय सवयीचा आहे. प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी पिंजरा हॉलमध्ये उघडा ठेवा. त्यात रोजची चादर घाला, खाणे तिथेच द्या. पिंजऱ्यात मांजराला सरळ उभे राहता आणि वळता आले पाहिजे. निघण्यापूर्वी खाणे हलके ठेवा, पण पाणी तोडू नका.

घरातल्या माणसांची काळजी

चावा किंवा ओरखडा. पिंजऱ्यात कोंबताना, रक्त काढताना, चिप बसवताना शांत मांजरही बोचकारते. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. मग त्यावर जंतुनाशक लावा. हळद, चुना, तिखट, तेल लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मांजर घरचे आहे, लस दिलेली आहे, तरी लस घ्यायची की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या. रक्त आलेली जखम असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही लागू शकते. पूर्वी रेबीजच्या लसीचा पूर्ण कोर्स झालेला असेल तर सहसा दोनच डोस लागतात, म्हणून ते कार्ड जपून ठेवा.

चावलेल्या मांजरावर १० दिवस लक्ष ठेवायचे असते. मांजर त्या काळात निरोगी राहिले तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असे मानता येते. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी चावा झाला तर पशुवैद्याला ते सांगा आणि शक्य असेल तर मांजराचा प्रवास पुढे ढकला. नव्या देशात पोहोचल्यावर चावा झाला तर तिथल्या डॉक्टरला मांजर भारतातून कधी आणले हे सांगा आणि त्याचे कागद दाखवा.

गर्भवती महिला. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो. गरोदरपणात तो पहिल्यांदाच झाला तर बाळाला धोका असतो. पण त्यासाठी मांजर सोडून द्यायची गरज नाही. विष्ठेतले परजीवी संसर्गक्षम व्हायला १ ते ५ दिवस लागतात, म्हणून लिटर बॉक्स रोज साफ करा आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कोणी करा. पर्याय नसेल तर हातमोजे घाला आणि नंतर हात साबणाने धुवा. मांजराला कच्चे मांस देऊ नका. घरातल्यांनीही मांस पूर्ण शिजवून आणि भाज्या नीट धुऊन खाव्यात.

दमा आणि ॲलर्जी. मांजराच्या लाळेतली आणि त्वचेतली प्रथिने केसांवर, गाद्यांवर बसतात. थंड देशात हिवाळ्यात दारेखिडक्या बंद असल्याने त्रास वाढू शकतो. दम्याच्या रुग्णाने जाण्याआधी तपासणी करून इनहेलरचा साठा आणि प्रिस्क्रिप्शन बरोबर घ्यावे. मांजर झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवावे.

पिसवा आणि गजकर्ण. मांजराच्या पिसवांतून आणि ओरखड्यातून बार्टोनेला नावाच्या जिवाणूचा संसर्ग होऊन ताप आणि काखेत किंवा मानेत गाठ येऊ शकते. गोल, खाजरे चट्टे उठले तर ते गजकर्ण असू शकते. अशा वेळी माणसाबरोबर मांजराचेही उपचार लागतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचे मांजर घराबाहेर जातच नाही. तरी चाचणी लागेल का?
हो. नियम मांजर कोणत्या देशातून येते यावर ठरतो.

आम्ही आधी गेलो आणि मांजर नंतर पाठवले तर?
चालते, पण ५ दिवसांपेक्षा जास्त अंतर पडले तर ते व्यापारी वाहतुकीच्या नियमांत मोजले जाते आणि कागद वाढतात. मुदत पूर्ण होत नसेल तर मांजर नातेवाइकांकडे ठेवून, घरातल्या एकाने नंतर येऊन घेऊन जाणे हा सोपा मार्ग असतो.

मांजर म्हातारे आहे, मूत्रपिंडाचा त्रास आहे. न्यावे का?
हे पशुवैद्याबरोबर बसून ठरवा. लांबचा विमानप्रवास आणि पाण्याची कमतरता अशा मांजराला सोसत नाही. न नेणे म्हणजे टाकून देणे नव्हे. त्याच घरात, ओळखीच्या माणसांजवळ राहणे त्याच्यासाठी जास्त सुखाचे असू शकते.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

- मांजराचा किंवा कोणत्याही प्राण्याचा चावा, ओरखडा, किंवा उघड्या जखमेला लाळ लागली असेल तर
- जखम लाल होऊन सुजली, पू झाला किंवा ताप आला तर. मांजराचे दात बारीक असल्याने जखम छोटी दिसते, पण जंतू खोल जातात
- गरोदरपणात ताप आणि गाठी आल्यास
- मधुमेह, केमोथेरपी, प्रत्यारोपण किंवा स्टेरॉइड चालू असताना मांजराने बोचकारल्यास

परदेशी जायचे ठरले त्या आठवड्यातच पशुवैद्याची वेळ घ्या आणि चिप, लस, नमुना, दाखला या चार तारखा एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. मांजराच्या लसीचे कागद आणि घरातल्या प्रत्येकाचे रेबीज लसीचे कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. हा लेख माहितीसाठी आहे. चावा झाल्यास उपचाराचा निर्णय प्रत्यक्ष तपासणीनंतर डॉक्टरच घेतील.